चव्वेचाळिसावा दिवस

दाजींचा फोन आला तेव्हा मी सांगली जिल्ह्यातल्या मणेराजुरीच्या एका द्राक्षबागेत पानं उलटीपालटी करून बघत होतो. मंगळवार, ३० नोव्हेंबर २०२१. आळंदीची एकादशी, म्हणून तारीख पक्की ध्यानात आहे. आईचा उपास होता आणि संध्याकाळी लवकर ये म्हणून तिनं सकाळीच बजावलं होतं.

दाजी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात कामाला आहेत. ताई बरी आहे, पोरं बरी आहेत हे सांगून झाल्यावर म्हणाले, "आज बर्फाला गिऱ्हाईकच नाही. बोटी बाहेर जायच्या सोडून आत यायला लागल्यात. बंदरात बावटा लावलाय. तुमच्याकडं काय हवा?"

"आभाळ आहे नुसतं," मी म्हणालो. "तुमचा पाऊस घाट चढून आमच्याकडं कुठला येतोय."

हे वाक्य मी सहज बोललो आणि पुढं आठवडाभर ते माझ्या कानात राहिलं.

मी तासगाव भागात द्राक्षबागांना सल्ला देतो. छाटणीपासून काढणीपर्यंत कधी काय फवारायचं, पाणी किती सोडायचं, कुठला घड ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे सांगायचं काम. सत्तरेक शेतकरी आहेत. त्यातले एक सावळजच्या पुढं वस्तीवर राहणारे आबा. वय साठीच्या पुढं, सोनाक्का जातीच्या द्राक्षाची अडीच एकर बाग, दोन तुकड्यांत. विहिरीजवळच्या तुकड्याची छाटणी ५ ऑक्टोबरची, ओढ्याकडच्या तुकड्याची १८ ऑक्टोबरची. पाणी आणि माणसं दोन्ही एकदम पुरत नाहीत म्हणून ते दरवर्षी असं मागंपुढं छाटतात. त्या आठवड्यात या तेरा दिवसांच्या फरकानं काय केलं ते पुढं येईलच.

दाजींचा फोन ठेवला आणि तासाभरात आबांचा आला. "सर, वड्याकडची बाग फुलात हाय. टोप्या पडाय लागल्यात. आभाळ बी भरलंय. औषध मारून घिऊ का?"

फुलोऱ्यात ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचं फवारणीयंत्र, चालवायला माझा हात आखडतो. फुलाची टोपी निघून परागीभवन चालू असताना जोराचा फवारा बसला तर मणी कमी धरतात, असं मी बागेत बघितलेलं आहे. मोबाइलवर अंदाज बघितला. जोर कोकणात दाखवत होता, आमच्याकडं हलका ते मध्यम. मी म्हणालो, "थांबा आबा. फूल आहे. गुरुवारी बघू."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं कुठं चुकलं ते नीट सांगायला पाहिजे, कारण ही चूक आमच्या भागात जाणती माणसंही करतात. लहानपणापासून आम्ही एकच पाऊस बघत आलोय, जून-जुलैचा. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथंच रिकामा होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्या तासगाव-कवठेमहांकाळकडं त्याचा दहावा हिस्सा जेमतेम. चिपळूणच्या बाजारात पाणी शिरतं तेव्हा आमच्याकडं धुरळा उडत असतो. ही कोरडी हवा आहे म्हणून तर इथं द्राक्ष पिकतं. त्यामुळं "कोकणात जोर" असं वाचलं की आमचं मन आपोआप निवांत होतं.

पण डिसेंबरातला पाऊस त्या वाटेनं येत नाही. त्या आठवड्यात अरबी समुद्रात आपल्या किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा होता, आणि त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी झंझावात आलेला. समुद्रावरची ओल उंचावरून ओढली जात होती. घाटमाथा हजार-बाराशे मीटरचा, ढगांचे थर त्याच्या कितीतरी वर. तिथं डोंगर काय अडवणार? दाजींच्या डोक्यावर जे आभाळ होतं तेच माझ्याही डोक्यावर होतं. आज हे मला सरळ दिसतं. त्या संध्याकाळी दिसलं नाही.

बुधवारी पहाटे पत्र्यावर आवाज आला. वळवासारखा धडधडाट नव्हता, बारीक, सारखा. उजाडेपर्यंत थांबला नाही. नऊपर्यंत फोनवर पंचवीसेक कॉल येऊन गेले होते. आगाप छाटणीवाल्यांचे मणी गोडीला आलेले, ते तडकायच्या भीतीत. फुलोरावाले कुजव्याच्या भीतीत. आणि डाऊनीची भीती सगळ्यांनाच. या बुरशीला पान तीन-चार तास ओलं मिळालं आणि हवा थंड असली की पुरतं. पानाच्या पाठीमागून आत शिरते, चार-पाच दिवस काही दाखवत नाही, मग एके सकाळी तेलकट डाग आणि खाली पांढरी लव. घडावर आली तर घड गेला म्हणायचं.

दुपारी मी मॅन्कोझेब या बुरशीनाशक पावडरीची पोती गाडीच्या डिकीत टाकून निघालो. एसटीचा संप चालू होता, रस्त्यावर एकही लाल गाडी नाही. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, येणाऱ्या बायका एरवी टेम्पोत दाटीनं बसून येतात, तो टेम्पो ताडपत्री लावून सावळजच्या चौकात नुसता उभा होता.

आबांच्या वस्तीवर पोहोचलो तर त्यांचा थोरला ट्रॅक्टर घेऊन बागेत शिरलेला आणि तिसऱ्या ओळीत रुतलेला. ओढ्याकाठचं काळं रान, चाक निम्मं आत. आबा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभे. माझ्याकडं बघून काही बोलले नाहीत. काकू आणि सून ओळीतून फिरत होत्या. तारेला हात घालून वेल हलवायची, घडातलं पाणी झाडायचं, पुढच्या वेलीला जायचं. सव्वा एकरात हजारभर वेली असतील. शेवटच्या वेलीला पोहोचेपर्यंत पहिली पुन्हा भिजलेली.

मी एक घड तळहातावर घेतला. छाटणीनंतरचा चव्वेचाळिसावा दिवस. पडायच्या टोप्या ओल्या होऊन तिथंच चिकटल्या होत्या आणि घडाच्या पोटात चहाच्या गाळासारखा तपकिरी चोथा साचला होता. कुजवा सुरू होतो तो इथूनच.

ओल्या पानावर फवारा टिकत नाही. म्हणून धुरळणी करायची ठरवली. पावडर जुन्या सुती कापडात सैल बांधायची, काठीला लावायची आणि घडांच्या वर झटकत जायचं. तोंडाला फडकं, डोळ्याला गॉगल. पाऊस जरा थांबला की आत जायचं, वाढला की शेडमध्ये यायचं. आबा, थोरला, मी आणि शेजारच्या मळ्यातली दोन पोरं. रात्री साडेआठला सुरुवात केली, बॅटऱ्या डोक्याला बांधून. काकूंनी अकराला आणि अडीचला चहा दिला. सून पुढं चालून घड हलवायची आणि आम्ही मागून पावडर. पहाटे चारला शेवटची ओळ झाली तेव्हा हाताची बोटं मिटत नव्हती. थंडी तशी कमीच म्हणायची, पण ओल्या अंगाला वारा लागत होता.

गुरुवारी दिवसभर तेच. पावसापेक्षा गारठा जास्त. ओढ्याच्या पलीकडं धनगराचा वाडा उतरला होता. त्यानं कोकरं पालाखाली घेतली होती आणि मोठी मेंढरं तशीच उघड्यावर, एकमेकांत डोकं घालून उभी. दुसऱ्या दिवशी पेपरात पुणे जिल्ह्यात मेंढ्या गारठून दगावल्याची बातमी वाचली. आबांनी त्या रात्री वैरणीच्या शेडमधली निम्मी जागा रिकामी करून त्याची मेंढरं आत घेतली होती. स्वतःची बाग अशी झालेली असताना. मला ते दृश्य बागेइतकंच लक्षात राहिलंय.

शुक्रवारी पाऊस थांबला. मग नवीनच सुरू झालं. बंगालच्या उपसागरात 'जवाद' नावाचं चक्रीवादळ झालं आणि लोकांच्या मोबाइलवर त्याची चित्रं फिरायला लागली. "सर, हे आपल्याकडं वळतंय का?" दिवसभर हेच उत्तर देत होतो की ते आंध्र-ओडिशाच्या बाजूला आहे, आपला पाऊस त्याचा नव्हता, आपला अरबी समुद्राचा होता. घाबरून लोक दिवसाला दोन-दोन फवारण्या घेत होते. दुकानात महागड्या औषधांचे डबे संपले. ज्याला जे मिळेल ते तो मारत होता. एका बागेत मी तीन औषधं एकाच टाकीत ओतताना बघितली, फुटलेल्या दह्यासारखं मिश्रण झालेलं. ते ओतून द्या म्हणालो तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच हजारांचं औषध होतं.

आबांच्या रानात ट्रॅक्टर जाईना, म्हणून शनिवारी पाइप ओढून हातानं आंतरप्रवाही बुरशीनाशक मारून घेतलं. जे काही आत शिरलं असेल त्याला आता एवढंच करता येत होतं. त्यानंतर वाट बघायची.

बुधवारी, ८ डिसेंबरला, मी मोजायला गेलो. ऊन पडलं होतं, चांगलं कोवळं. आधी विहिरीजवळचा तुकडा बघितला. तिथं मणी धरून ज्वारीच्या दाण्याहून मोठे झाले होते. पानांवर दोन-चार ठिकाणी डाग, घड बहुतेक स्वच्छ. तेरा दिवस आधीची छाटणी, माणसं तीच, आभाळही तेच. फूल संपून मणी धरलेला होता, एवढ्यानं तो तुकडा तरला.

मग ओढ्याकडचा. आडव्या-उभ्या ओळी निवडून शंभर घड मोजले. आबा मागं चालत होते, हातात रिबिनीच्या पट्ट्या. चांगल्या घडाला पांढरी, गेलेल्याला लाल. मोजून झाल्यावर लाल एकसष्ट निघाल्या. काही घडांचा नुसता सांगाडा उरलेला, बोट लावलं की मणी गळायचे. पांढऱ्या पट्टीतलेही निम्मे विरळ.

आम्ही शेडमध्ये बसलो. आबांनी वही काढली. छाटणीपासूनचा खर्च त्यांच्या हाताच्या मोठ्या अक्षरात लिहिलेला. पुढं अजून संजीवकाच्या डिपिंग, म्हणजे मणी फुगवायला घड औषधात बुडवणं, विरळणीच्या मजुऱ्या, दर चार दिवसांनी फवारणी, असे काढणीपर्यंत एकरी लाखभर तरी लागणार होते. आबांनी विचारलं, "आता कुठलं औषध लिवून देताय?"

आमच्या धंद्यात या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय असते. काहीतरी लिहून दिलं की समोरच्याला धीर येतो आणि आपल्यालाही. मी चिठ्ठीचं पॅड बाहेर काढलं होतं. ते परत खिशात ठेवलं.

"ओढ्याकडच्या बागेत फळासाठी आता रुपया घालू नका," मी म्हणालो. "डिपिंग नको, विरळणी नको. फक्त पानं टिकवायची. पान टिकलं तर काडीत अन्नसाठा होईल, पुढच्या सालाला वेल उभी राहील. त्याला मोरचूद-चुन्याचं बोर्डो पुरतं. जे घड राहतील त्यांचा बेदाणा करू. माणसं आणि पैसा सगळा विहिरीजवळच्या तुकड्यात घाला."

थोरला उठून बाहेर गेला. काकू चुलीपुढं होत्या, त्यांनी वळून बघितलं. आबा बराच वेळ वहीकडं बघत होते. मग म्हणाले, "सर, मंगळवारी मी इचारलं हुतं. तुमी थांबा म्हनला."

"हो," मी म्हणालो. "तिथं माझी चूक झाली. पावसाच्या आधी हलक्या हातानं संरक्षक औषध बसायला पाहिजे होतं. सगळी बाग वाचली असती असं नाही, पण एकसष्ट गेले नसते."

मला वाटलं होतं आता ते दुसरा सल्लागार बघतो म्हणतील. तसं म्हणाले असते तर मला काही बोलायला जागाच नव्हती. त्यांनी वही मिटली आणि सुनेला हाक मारली, "सरास्नी भाकरी वाढ गं." जेवताना बागेबद्दल एक शब्द झाला नाही. निघताना मात्र म्हणाले, "खर्च थांबवा म्हनून सांगनारं मानूस पयल्यांदाच बघितलं." ते कौतुक होतं की दुसरं काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या वाटेवर ताईला फोन केला. तिकडं हापूसला मोहोर फुटायच्या बेतात होता, तो या पावसानं लांबला होता आणि शेजारच्या बागेत नुसती पालवी फुटायला लागली होती. तिनं दाजींना फोन दिला. मी त्यांना मंगळवारचं सगळं सांगितलं, मी कसं हसण्यावारी नेलं तेही. ते म्हणाले, "अरे, बोटीच्या तांडेलाला दर्यावर जाऊन कमवायचं असतं. तो बर्फ उगाच नाकारत नाही."

त्या दिवसापासून नोव्हेंबर ते मार्च मी रोज संध्याकाळी हवामान खात्याच्या पानावर आधी कोकण बघतो, मग मध्य महाराष्ट्र, आणि दाजींना एक मेसेज करतो. कोपऱ्यावरच्या वाळलेल्या मेथीसारख्या दिसणाऱ्या त्या लाल पट्टीच्या घडांचा फोटोही फोनमध्ये ठेवलाय.

महिनाअखेरीला पुन्हा आभाळ आलं. विहिरीजवळच्या बागेत तेव्हा मणी हरभऱ्याच्या पुढं गेले होते. मी काही बोलायच्या आत आबांचाच फोन.

"सर, आदी दाजीस्नी इचारा. बोटी बर्फ भरत्यात का?"

मी विचारलं. भरत होत्या. तसं कळवलं, आणि तरीही, हलक्या हातानं एक फवारणी घ्या म्हणालो.