वाळकी पानं

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं आणि शाळेच्या आधी मला बाई आठवल्या. आपल्या इंग्रजीच्या बाई. १९७९च्या दहावी ‘ब’ला नाव सांगावं लागणार नाही. बाकीच्या गुरुजनांचं ऋण आहेच, पण त्यांच्याविषयी दुसरं कुणी लिहीलच.

पटांगणातल्या बदामाची पानं लाल होऊन गळायची, त्या दिवसांत झाडलोटीची पाळी आमची होती. मी मॉनिटर. मी ढीग करत होते आणि माझ्या बाकावरची मैत्रीण त्यातलीच पानं निवडून वहीत ठेवत होती. मी तिच्यावर खेकसले. तेवढ्यात मागून आवाज आला, “तुझ्यासारखं वाळक्या पानांचं वेड सगळ्यांनाच नसतं गं!” बोलणं नक्की कुणाला, तेच आम्हाला कळेना. “हे मी नाही, एलिनॉर म्हणते. मेरिअ‍ॅनला,” एवढंच सांगून बाई स्टाफरूमकडे गेल्या.

मग काय, पुढचे सगळे ऑफ तास त्या दोघींचे. जेन ऑस्टिनची १८११ सालची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ बाईंनी आम्हाला मराठीतून सांगितली. १९ वर्षांची एलिनॉर, तिच्याहून लहान मेरिअ‍ॅन. वडील गेल्यावर घर सावत्र भावाकडे जातं आणि आईबरोबर मुली डेव्हनशायरमधल्या छोट्या घरात येतात. मेरिअ‍ॅन विलबीवर चारचौघांत प्रेम करते आणि त्याने पाठ फिरवल्यावर तितकीच उघड कोसळते. एलिनॉरचं मन एडवर्डवर, पण तिला त्याची गुपचूप वाग्दत्त वधूच गाठते आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून ते गुपित तिच्याच गळ्यात बांधते. चार महिने एलिनॉर घरात कुणाला पत्ता लागू देत नाही.

वर्गात दोन तट पडले. मी अर्थातच एलिनॉरची. उभी राहून ठणकावलं, “एलिनॉर बुद्धीने चालते, मेरिअ‍ॅन भावनेने. म्हणून एलिनॉर रडत नाही.” बाईंनी कपाटातलं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. “रडते. शोधून आण.”

डिक्शनरी घेऊन तीन आठवडे लागले. पहिल्यांदा सापडली ती लंडनमध्ये, विलबीचं पत्र आल्यानंतर, बहिणीच्या पलंगावर. बाई म्हणाल्या, “ते बहिणीसाठी. स्वतःसाठी कुठे?” ते पार शेवटाकडे होतं. एडवर्ड मोकळा आहे हे कळतं, ती जवळजवळ पळतच खोलीबाहेर जाते आणि दार लागल्याबरोबर आनंदाने तिला असं रडू फुटतं की ते थांबेलसं तिलाच वाटत नाही. मी ऐटीत वाचून दाखवलं. बाईंनी विचारलं, “दार लागेपर्यंत थांबली ना? हे थांबणं बुद्धीचं की भावनेचं?” मला उत्तर आलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

त्यांचा राग होता तो मेरिअ‍ॅनचं लग्न शेवटी कर्नल ब्रँडनशी होतं, यावर. तिच्याहून दुपटीने मोठा, फ्लॅनेलचं जाकीट घालणारा! “लेखिकेनेच तिला शहाणी करून टाकली,” म्हणायच्या. मला तर ब्रँडन स्थळ म्हणून उत्तम वाटला होता. अजूनही वाटतो.

पुढे मी बँकेत लागले, सहायक महाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी त्याच कादंबरीचं दुसरं प्रकरण सांगायचे. बापाला मरताना दिलेल्या शब्दाखातर भाऊ बहिणींना ३००० पौंड द्यायचं ठरवतो. बायको समजावते, तेव्हा १५०० होतात. मग सावत्र आईला वर्षाला १०० द्यावेत का, असा विचार. मग अधूनमधून ५०. शेवटी उरते ती घर हलवायला मदत, आणि मोसमात मासे नि शिकार पाठवणं. प्रत्येक पायरीचं कारण अगदी व्यवहारी. पोरं हसायची, आणि मग एकदम गप्प व्हायची.

बदामाच्या जागी आता पेव्हर ब्लॉक आहेत, स्वच्छ दिसतात. ऑफ तासाला सराव चाचणी असते म्हणे.

बाई गेल्या तेव्हा मी नागपूरला होते. मार्चअखेर, केबिनबाहेर माणसांची रांग. फोन ठेवला, उठून दार लावलं आणि मग बसले. हेड ऑफिसची स्टेटमेंटं त्या दिवशी उशिरा गेली.