दर मीटरला दहा पैसे

कोजागिरी जवळ आली की आमच्या मंडळात अजूनही पहिली चौकशी पावतीपुस्तकाची होते. दुधाचं नंतर.

डोंबिवलीतलं आमचं मंडळ तसं चारचौघांसारखंच होतं. गच्चीवर दूध, भेंड्या, बारा वाजता चंद्राला नैवेद्य आणि सव्वाबाराला पातेली कुणी घासायची यावरून वाद. २००२ साली खजिनदाराने मीटिंगमध्ये काढलं, की यंदा दूध कळसूबाईच्या पायथ्याशी आटवू आणि चांदण्यात वर चढू. ‘पण फुकट नाही चढायचं. चढणाऱ्याच्या नावावर पावती फाडायची, पावती घेणाऱ्याने मीटरमागे दहा पैसे द्यायचे. जमेल ते तिथल्याच एखाद्या शाळेला.’ हा खजिनदार म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला नावाने कुणीच हाक मारत नाही, त्याची बायकोसुद्धा नाही.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. म्हणजे पावती १६४ रुपये ६० पैशांची. साठ पैसे मोजून कोण देणार? सगळे १६५ द्यायचे. खजिनदार पावती १६४.६० चीच फाडायचा आणि वरचे चाळीस पैसे ‘किरकोळ जमा’ म्हणून वेगळ्या रकान्यात घालायचा. पहिल्या वर्षी ७४ पावत्या गेल्या. किरकोळ जमा २९ रुपये ६० पैसे. त्यात देवीचा कापूर आणि नारळ आला.

तळमजल्यावरच्या एका काकांनी मात्र अडवलं. ‘पायथ्याचं बारी गावच मुळात उंचावर. जवळजवळ निम्मा डोंगर तुमची जीप चढते. मी पूर्ण पैसे का द्यावेत?’ खजिनदार म्हणाला, ‘काका, उतरतोही पायांनीच. दोन्ही मिळून धरा, बरोबर भरेल.’ काकांनी मनात बेरीज केली आणि पाकीट काढलं.

कोजागिरी आठवड्याच्या मध्यावर आली तर आम्ही जवळचा शनिवार धरायचो. चंद्राला एखाद-दुसरा दिवस इकडेतिकडे चालतं. दुपारची कसारा लोकल, तिथून जीप, घोटीला दूध घ्यायचं आणि रात्री बारीत एका आत्याबाईंच्या अंगणात चूल पेटवायची. भात कापणीला आलेला असायचा, सगळ्या खाचरांतून त्याचा वास. दूध आटेपर्यंत आत्याबाई कळसूबाईची गोष्ट सांगायच्या. कळसू नावाची पोर पाटलाकडे राहिली ती केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर. एकदा पाटलाने ती कामं सांगितलीच, तशी ती उठून डोंगरावर गेली ती गेलीच. ही गोष्ट ऐकल्यावर आमच्यात पातेल्यांवरून वाद घालायची कुणाची छाती झाली नाही. खजिनदार गुपचूप राख घेऊन बसायचा.

एक वाजता निघायचं. नवरात्रातली जत्रा नुकतीच होऊन गेलेली, वाटेवर करवंट्या आणि सांडलेलं कुंकू. लोखंडी शिड्या दवाने इतक्या गार, की हात चिकटतात असं वाटायचं. वर देवळापाशी थंडीने कुडकुडत उजाडायची वाट बघायची. मग आधी भंडारदऱ्याचं पाणी दिसायचं, नंतर अलंग, मदन आणि कुलंग हे गड एका रांगेत.

पहिल्या वर्षीचे पैसे आम्ही शहाण्यासारखे वह्यांवर घालवले. गुरुजींनी वह्या ठेवून घेतल्या आणि हळूच म्हणाले, ‘वह्या बऱ्याच जण आणतात. पोरं मात्र जुलैत बांधावरून अनवाणी येतात.’ दुसऱ्या वर्षी ठरलं, गमबूट. मापं कशी घ्यायची? गुरुजींनी प्रत्येक पोराला वर्तमानपत्रावर उभं केलं, पेन्सिलीने पाऊल गिरवलं, कात्रीने कापलं आणि वर नाव लिहून गठ्ठा आमच्याकडे दिला. खजिनदार ती कागदी पावलं घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने एकेक पाऊल बुटाच्या तळाला लावून बघितलं आणि विचारलं, ‘ही मापं कधीची?’ ऑक्टोबरची, आणि तेव्हा मे चालू होता. प्रत्येकाला एक नंबर मोठा घेतला. ती पावलं खजिनदाराने टाकली नाहीत, अजून त्याच्या कपाटात आहेत.

पुढे चार आणे चलनातून गेले, तसा आम्ही दर रुपयावर नेला. त्यानंतरच्या एका वर्षी खजिनदाराचा गुडघा शिडीवरच धरला. मी म्हटलं, थोडं राहिलंय, मी ओढतो. तो खाली बसला आणि कॉलेजातल्या एका पोराला म्हणाला, ‘तुझ्या मोबाईलवर उंची बघ.’ १४९० दिसली. म्हणजे १५६ मीटर कमी. त्याच्या नावावर २३ पावत्या होत्या. घरी आल्यावर त्याने ३५८८ रुपये स्वतःच्या खिशातून भरले आणि वहीत लिहिलं, ‘खजिनदारांकडून येणे, वसूल.’ मी चिडलो. एवढं कोण मोजतं? त्याने वही मिटली आणि चहा सांगितला.

आता तो खालीच थांबतो. गेल्या वर्षी उजाडताना मी वरून फोन लावला.

‘देवळाच्या पायरीला हात लावलास?’

‘लावला.’

‘मग १६४६ लिहितो.’

मागून आत्याबाईंचा आवाज आला, ‘भाऊ, भाकरी किती टाकू?’

‘दहा जण चढलेत, तीन-तीन धरा,’ खजिनदार म्हणाला. ‘माझी एकच.’