पाठ केलेला स्टार आणि हेडिंग 340

आदल्या रात्री वास्कोत मावशीच्या जेवणाच्या टेबलावर मी गोव्याच्या दाबोळी विमानतळाचा स्टार घोकत बसले होते. स्टार म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानासाठी छापलेली वाट: कुठल्या बिंदूवरून जायचं, तिथे किती उंची, किती वेग. मावशीने डोकावून बघितलं. "एसटीचं वेळापत्रकच की गो हे!"

एसटीसारखंच, म्हणजे कागदावर.

माझे लाइन ट्रेनिंगचे दिवस, म्हणजे प्रवासी घेऊन कॅप्टनशेजारी बसून शिकायचे. बेंगळुरूहून परतताना ए320 विमान मी उडवत होते, रेडिओ कॅप्टन सरांकडे. पडद्यावर बिंदू ओळीने लागलेले, उंचीची अट असलेल्यांभोवती मॅजेंटा वर्तुळं, म्हणजे अट पाळली जाणार. मी निवांत. तेवढ्यात कंट्रोलरचा आवाज: उजवीकडे वळा, हेडिंग (होकायंत्रावरची दिशा) 340, 7000 फुटांपर्यंत उतरा. दाबोळी हा नौदलाचा तळ, एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणही, नौदलाचंच. मिग-29के लढाऊ विमानं आणि आमच्यासारखी प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर, त्यामुळे छापील वाट शेवटपर्यंत मिळेलच असं नाही.

हेडिंगचं बटण ओढलं आणि वर्तुळं पांढरी झाली. कॉम्प्युटरने त्या अटी हिशेबातून काढल्या होत्या. माझ्या डोक्यातून त्या निघायला तयार नव्हत्या. पुढच्या बिंदूला 9000 किंवा वर, हे पाठ. मी उतरण्याचा वेग कमी केला.

"थांबलीस कशाला?"

"सर, पुढच्या बिंदूला 9000..."

"तो बिंदू आता आपला राहिलाय कुठे?"

खरंच. एटीसीने स्टारवरून बाजूला काढलं की त्यावरच्या उंची-वेगाच्या अटी आपोआप सुटतात. हव्या असतील तर कंट्रोलर पुन्हा सांगतो. पूर्वेला सह्याद्री आहे. असं वळवताना डोंगरापासूनची उंची राखणं कंट्रोलरचं काम, तरी सरांचं बोट सगळा वेळ किमान उंचीच्या चार्टवर होतं.

मिनिटभराने नवा हुकूम: स्टारवरच्या पुढच्या एका बिंदूकडे थेट, तिथून स्टार धरा, स्टारप्रमाणे 5000 पर्यंत. आता मी उलट्या बाजूला घसरले. मला वाटलं, अटी एकदा सुटल्या त्या सुटल्या. पण स्टार पुन्हा धरायला सांगितलं की सुटलेल्या राहतात त्या फक्त गाळलेल्या बिंदूंच्या. पुढच्या लागू राहतात. पडद्यावर एक वर्तुळ पिवळं झालं: तिथे 8000 किंवा खाली हवं होतं, आणि मघाच्या माझ्या रेंगाळण्यामुळे आम्ही उंच राहिलो होतो. सरांनी रेडिओवर विचारून घेतलं, उंचीची अट लागू आहे ना? आहे. मी स्पीडब्रेक, म्हणजे लवकर उतरायला पंखांवर उभ्या होणाऱ्या पट्ट्या, ओढला, विमान थरथरलं, मागे कुणाचा तरी चहा सांडला असणार. वर्तुळ पुन्हा मॅजेंटा झालं, बिंदूच्या जेमतेम दोन मैल अलीकडे.

रनवे 26 वर उतरलो. पार्किंग ब्रेक लागल्यावर सर म्हणाले, "थेट जायला सांगितलं तेव्हा किती अटी सुटल्या?"

"दोन, सर."

"तीन. वेगाची एक विसरलीस."