तुला हात किती?

"तुला हात किती आहेत?" पहिलाच डीजे कंट्रोलर (गाणी मिक्स करायचं यंत्र) घ्यायचा म्हणून ४ चॅनेलचा, म्हणजे एका वेळी ४ ट्रॅक वाजवणारा, दाखवला तर मित्राने एवढंच विचारलं. मी म्हटलं दोन. "मग?" बस, त्याच्यासाठी विषय संपला.

मग स्वतःचा जुना २ चॅनेलवाला पुढे सरकवला, लॅपटॉप वळवून ठेवला म्हणजे वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख), बीपीएम (मिनिटाला किती बीट्स) काहीच दिसेना, वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाला हात लावायचा नाही, दोन ट्रॅक कानाने जुळव म्हणाला आणि हेडफोन दिला. एक ट्रॅक १२४ बीपीएमचा, दुसरा १२८ (हे नंतर कळलं). फरक जेमतेम ३ टक्के, पण भांड्यांची उतरंड कोसळावी तसे बीट्स गडगडत होते!! टेम्पो फेडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) इतका आखूड की केसभर सरकवला तरी भलतीकडेच जायचा.

आणि मी ३ आठवडे काय बघत होतो? पॅडचे रंगीत दिवे. हेडफोनचं आउटपुट मास्टरपासून (लोकांना ऐकू जातं ते) वेगळं आहे का, आत साउंडकार्ड आहे का, हे एकदाही बघितलं नव्हतं. ते नसेल तर पुढचा ट्रॅक लोकांच्या आधी आपल्याला ऐकूच येत नाही ना राव. सोबत मिळणारं सॉफ्टवेअर पूर्ण आहे की लाइट (कमी सोयींचं), हे तर डोक्यातच आलं नाही.

शेवटी ७-८ सेकंद दोन्ही ट्रॅक जुळले, चक्क कानाने! मित्र मोबाइल बघत होता, त्याला पत्ताच नाही.

ब्राउझरमध्ये ४ चॅनेलवाल्याचा टॅब मात्र अजून उघडाच आहे. तुम्ही पहिला कुठला घेतला होता, आणि किती दिवसांत विकलात?