फायरवायरचा जुना इंटरफेस पुन्हा चालू केला, त्याचा माझा अनुभव

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट आरती होते; घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं मडकं. तिचं ध्वनिमुद्रण करायला 2008 साली आठ इनपुटांचा फायरवायर इंटरफेस घेतला होता, म्हणजे माईकांचा आवाज फायरवायर या जुन्या प्रकारच्या केबलने संगणकात नेणारा डबा. दोन घुमटं, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कांसाळें (झांजा) आणि गाणारे, प्रत्येकाला वेगळा माईक, वेगळा ट्रॅक. एकाच माईकवर घेतलं की शामेळ घुमटाला गिळून टाकतं, नंतर काही करता येत नाही. यंदा पावसात जुना संगणक गेला, आणि नव्या लॅपटॉपला फायरवायरचा पोर्टच नाही.

आधी एका दुकानातून फायरवायर-यूएसबी केबल आणली. पैसे पाण्यात. टोकं बसतात, पण दोन्हींची बोलण्याची पद्धतच वेगळी, नुसत्या तारा जोडून भागत नाही. कुणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका.

मग भाच्याचा डेस्कटॉप आणला. त्यात पीसीआय एक्सप्रेस फायरवायर कार्ड बसवलं, मुद्दाम टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं, कारण ऑडिओवाल्यांचा भरवसा तिच्यावर. तरी इंटरफेसचा दिवा लागेना. केबल बदलली. सहा पिनांचं सॉकेट दमट हवेने काळवंडलं होतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. काही नाही. रात्री अकराला टॉर्च मारून पाहिलं, तर कार्डाच्या कडेला चार पिनांचं पांढरं सॉकेट मोकळंच! माझा इंटरफेस फायरवायरमधूनच वीज घेतो, आणि कार्डाला ती एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, वेगळी द्यावी लागते. संगणक बंद करून वायर खोचली, पुन्हा चालू केला. निळा दिवा लागला. (सहा पिनांची केबल चालू संगणकात काढू-घालू नका. उलटी घुसली तर पोर्ट जळतो.)

इंटरफेसचा ड्रायव्हर, म्हणजे तो संगणकाला ओळखता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम, विंडोज 7 पर्यंतचाच होता. त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली. 2014 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यात) अशा बऱ्याच जुन्या इंटरफेसांचे ड्रायव्हर आहेत. टर्मिनलमध्ये 'एरेकॉर्ड -एल' (arecord -l) ही मुद्रणाच्या उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा दिली आणि यादीत आमच्या डब्याचं नाव! भाच्याला हाकच मारली मी.

बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तेवढे आवाजाचे नमुने, 256 वर ठेवला तर मध्येच टकटक येत होती, 512 वर थांबली. 48000 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तितके नमुने) यामुळे होणारा उशीर सुमारे 11 मिलिसेकंदांचा, नुसतं मुद्रण करायला चालतो.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका घुमट घेऊन आले. पावसाने कातडं सैल पडलेलं, चुलीच्या धगीवर शेकलं. मागच्या तोंडावर त्यांचा डावा तळवा उघडमीट करत होता आणि दुसऱ्या ट्रॅकवर तो घुमारा एकटा, स्वच्छ उमटत होता.