टाळ थांबेपर्यंत

समाजआरतीपासून सुरुवात करतो, कारण माझी वारी खरी तिथून सुरू झाली.

संध्याकाळी माऊलींची पालखी तळावर येते. भोवती दिंड्या उभ्या राहतात आणि टाळ असे वाजत असतात, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंचावतात आणि एवढा मोठा तळ एकदम शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवतच ठेवते. चोपदार तिच्यापाशी चालत जातात, काय झालं ते विचारतात, ऐकून घेतात. समाधान झालं की ते टाळही थांबतात. हरवलं-सापडलं सांगतात, उद्याच्या सूचना देतात आणि मगच आरती होते. या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलेली ही शिस्त.

2024 च्या आषाढी वारीत सासवडच्या तळावर मी हे पहिल्यांदा पाहिलं. दारू सुटून सात महिने झाले होते.

व्यसनमुक्ती केंद्रात मी दोनदा राहिलो. पहिल्या वेळी तिथल्या समुपदेशक ताईंनी वहीत एक आडवी रेघ मारली, तिच्यावर 0 ते 10 आकडे लिहिले आणि विचारलं, "दारू सोडायला तुमची तयारी किती?" मी सरळ 10 वर बोट ठेवलं. घरी आल्यावर एकोणीस दिवसांत पुन्हा प्यायलो. दुसऱ्या वेळी तीच रेघ पुढे आली, तेव्हा खाली मान घालून म्हणालो, "चार असेल." वाटलं, आता रागावणार. त्यांनी विचारलं, "चार का? दोन का नाही?"

या प्रश्नाने मी बोलता झालो. मुलीने शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पास माझ्यापासून लपवून ठेवला होता, ते त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघालं. ताईंनी मग दोन रेघा वेगळ्या केल्या. सोडणं किती महत्त्वाचं वाटतं, ही एक. सोडायला जमेल याची खात्री किती, ही दुसरी. पहिलीवर मी 9 म्हणालो, दुसरीवर 3. इतकी वर्षं मी पहिलाच आकडा सगळ्यांना सांगत होतो, आणि मला वाटायचं तोच खरा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण गावाकडे सर्रास म्हणतात, "वारीला धाडा, दारू आपोआप सुटेल." कृपा करून असं करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर हात थरथरतात, भास होतात, फिट येते, माणूस दगावूही शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. मी ते काढले आणि मगच आळंदीला पोचलो.

आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी मन इतकं भरून आलं, की दिंडीप्रमुख महाराजांचे पाय धरले आणि म्हणालो, "मला माळ घाला." त्यांनी मला उठवलं. "घालू ना. पण माळ घातली की मांस-मद्य कायमचं बंद, एकादशी आली, वर्षाची वारी आली. आधी पंढरीपर्यंत चाल. घरी जा. तिथे राहून बघ. मग ये." मला राग आला. पुणं ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. सगळे ज्ञानोबा-तुकाराम म्हणत वर चढत होते आणि मी मनात महाराजांशी भांडत होतो. मी अट्टल बेवडा म्हणून नाही म्हणाले, हे धरून बसलो. घाट संपता संपता लक्षात आलं, की आळंदीत मी पुन्हा एकदा 10 वर बोट ठेवलं होतं.

नीरेला माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं, लोणंदचा मुक्काम झाला, आणि चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं. दुतर्फा वारकरी, मधून अश्व दौडत गेले. त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावत होते, मीही लावली. रडलो. आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

आणि त्याच संध्याकाळी, तरडगावच्या मुक्कामी, जोराची तलफ आली. माझा समज असा, की मी दुःखात पितो. पण मुलगी झाली त्या दिवशीही मी प्यायलोच होतो की. राहुटीत बसलो होतो, तोंडाला पाणी सुटत होतं, खिशातल्या पैशांकडे हात जात होता. शेजारी आमच्या दिंडीतले नाना कंदिलाजवळ पाय घेऊन बसले होते. टाचेवर पाण्याने टम्म भरलेला फोड. सुईत पांढरा दोरा ओवून त्यांनी ती फोडातून आरपार काढली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं तशीच बाहेर ठेवली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब झिरपत होतं.

मी म्हणालो, "नाना, मला आत्ता प्यावीशी वाटतेय."

हे वाक्य मी कधीच कुणाला म्हणालो नव्हतो. ही रोज विचारायची, "घेतली का?" आणि मी "नाही" म्हणायचो, घेतलेली असो वा नसो. वाटतेय, एवढं मात्र कधीच सांगितलं नाही.

नानांनी सुई टोपीत खोचली. "जवळ पैसं किती हायेत?"

"साडेसातशे."

"आण इकडं. आन् ऊठ, टँकरवरनं पाणी आणायचंय."

फोड आलेल्या पायाने ते माझ्याबरोबर चालले. चार खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला तलफ ओसरली होती. तोपर्यंत नानांनी एक शब्दही उपदेशाचा काढला नाही. त्या रात्री पडल्या पडल्या सासवडचे ते वाजत राहिलेले टाळ आठवले.

वाखरीहून पंढरपुरात आलो. गर्दीत कळसाचंच दर्शन झालं, आणि माझ्यासाठी ते पुष्कळ होतं. चंद्रभागेच्या वाळवंटात नानांनी साडेसातशे रुपये मोजून हातात दिले. तिथूनच ताईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "जमेल याची खात्री? आता किती?"

"पाच."

"तीन का नाही?"

तरडगावचं सगळं सांगितलं.

माळ अजून मागितलेली नाही. परवा संध्याकाळी कामावरून येताना पुन्हा प्यावीशी वाटली. घरी आलो तर ही पोळ्या लाटत होती. चपला काढायच्या आधी दारातूनच सांगितलं. तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.