आमची वाटचाल: वकीलपत्राच्या आधीचं एक पान

२००८ साली मी आणि माझ्या वर्गमैत्रिणीनं कोल्हापुरात सीपीआर चौकातल्या जुन्या कोर्टाजवळ एक खोली भाड्यानं घेतली. दिवाणी, चेक बाउन्स, वाटणीचे दावे, येईल ते काम घ्यायचं असं ठरलं होतं. घटस्फोटाची कामं आम्ही शोधायला गेलो नाही, तीच येत गेली. घरातलं सगळं पुरुष वकिलासमोर मांडायला बायका कचरतात, हे त्यामागचं एक कारण. पण पुरुषही बाई वकिलासमोर जरा जास्त खरं बोलतात, निदान आमच्याकडे तरी.

किती दावे जिंकले, कोणाला किती पोटगी मिळवून दिली, हे इथे वाचायला मिळणार नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि आम्हाला तो नियम पटतो. सांगण्यासारखं आहे ते एका पानाबद्दल.

खोलीत येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांना दावा लावायचाच नसायचा, त्यांना विचारायचं असायचं. सोबत मामा, मेहुणा, कधी गावचे सरपंच. अशा भेटीची फी घ्यायची का, यावरून आम्हा दोघींची बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की फी घ्यायची, थोडीच, पण माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. त्याच्या प्रकरणात काय शक्य आहे, काय नाही, कोणते कागद लागतील, हे एका पानावर मराठीत लिहून द्यायचं. ते पान घेऊन तो खुशाल दुसऱ्या वकिलाकडे जाऊ दे. आमच्या कारकुनाला हा शुद्ध वेडेपणा वाटला होता. अनेक जण खरंच पान घेऊन दुसरीकडे गेले. पण त्यांच्याच बहिणी, मित्र पुढे आमच्याकडे आले, आणि फर्म तगली ती त्यांच्यावर.

पानावर सर्वांत जास्त वेळा लिहावी लागलेली गोष्ट म्हणजे स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी. बॉण्डवर दोघांच्या सह्या, चार पंच, नोटरीचा शिक्का, की झालं मोकळं, ही समजूत आमच्या भागात अजून घट्ट आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच होतो. कलम २९(२) मध्ये रूढीनुसार होणाऱ्या काडीमोडाला जागा आहे, पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे तो पुरावा नव्हे. शाहू महाराजांनी १९१९ साली संस्थानात काडीमोडाचा कायदा केला, त्याच गावात आम्हाला हे रोज समजावावं लागतं. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलेली मुलगी समोर बसते तेव्हा फार कठीण होतं. पहिलं लग्न कायद्यानं जिवंत, म्हणून दुसरं रद्दबातल, आणि द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा डोक्यावर. पंच तोवर हात वर करून मोकळे झालेले असतात.

परस्पर संमतीचं काम त्यामानानं सोपं. कलम १३ब. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच फ्लॅटमध्ये राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर तेही वेगळं राहणं धरतात. अर्जानंतर सहा महिने थांबायचं, मात्र २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. मागणी केली की माफ होतेच, असं मात्र नाही.

दुसऱ्यानं सही दिलीच नाही तर? तर क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं असं कायद्यातलं कारण सिद्ध करावं लागतं. ‘आमचं पटत नाही’ एवढ्यावर इथलं कोर्ट घटस्फोट देत नाही. संसार पुरता मोडला या कारणावरून घटस्फोट द्यायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा, घटनेच्या कलम १४२ खाली, हे २०२३ मध्ये स्पष्ट झालं. मोबाईलवर त्या निकालाची बातमी वाचून आलेले लोक इथे हिरमुसतात.

पोटगीचं ठरलेलं गणित नाही. २०२० पासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नोकरदाराची पगारस्लिप असते. शेतकरी नवरा मात्र ‘माझं काही नाही’ म्हणतो. मग सातबारा, साखर कारखान्याची ऊसबिलं, दूध संस्थेचा पंधरवड्याचा हिशेब असं एकेक आम्ही गोळा करतो. हिशेब जुळवायचं काम माझ्यापेक्षा माझ्या भागीदारणीला जास्त जमतं, म्हणून पोटगीचे अर्ज तिच्याकडे. मुलांचा ताबा माझ्याकडे. ‘मुलगा सात वर्षांचा झाला की बापाकडे जातो ना?’ हे दर आठवड्याला ऐकते. हिंदू कायद्यात असा नियम नाही. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, आणि सगळ्याच्या वर मुलाचं हित.

वकील कसा निवडावा हेही आम्ही पानाच्या मागच्या बाजूला लिहितो, आमच्यासकट कोणालाही लावून बघता येईल असं. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे का. तारखेला स्वतः उभा राहणार की ज्युनियर. फी लेखी सांगतो का. मिळणाऱ्या पोटगीत टक्का मागत असेल तर उठून यावं, तशी फी घ्यायला वकिलाला मनाईच आहे. ‘सहा महिन्यांत करून देतो, समोरच्याची सही नसली तरी’ म्हणणाऱ्याकडूनही. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते, आणि आधी समुपदेशकासमोर बसावं लागतं. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. हे सांगितल्यानं आमची कामं जातात असं पूर्वी काही सहकारी म्हणायचे. जातात, खरंय.

जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेलं तसं आमचंही ऑफिस हललं. गडहिंग्लज, इचलकरंजीच्या तारखांसाठी एक ज्युनियर नेमली. बायको माहेरी राहत असेल तिथे तिला दावा लावता येतो, त्यामुळे ही धावपळ वाढतच गेली. मोठा फरक पडला ऑगस्ट २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं तेव्हा. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचं अपील उच्च न्यायालयात जातं. त्यासाठी आधी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, मुंबईत दिवस काढायचा, आणि पुष्कळदा नुसती पुढची तारीख घेऊन परतायचं. हा खर्च ऐकूनच बायका अपील सोडून द्यायच्या. आता त्याच विचारतात, ‘मग करूया का?’ परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यावर मात्र कौटुंबिक न्यायालयातून अपीलच नसतं, हे वेगळं.

पान दरवर्षी नव्यानं छापतो. २०२४ च्या जुलैत फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम १२५ जाऊन नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आलं, ते बदललं. पक्षकारच काय, बाररूममधले वकीलही अजून ‘एकशेपंचवीस लावलंय’ असंच बोलतात, म्हणून आम्ही दोन्ही आकडे छापतो.